एका हातात ग्लास

१९१७ सालच्या वसंतात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात क्लारा वॉल्श या धनाढ्य बाईंनी एका रविवारी भर दुपारी बारा वाजता पन्नास पाहुण्यांना घरी बोलावलं. जेवणाची वेळ होती एक. त्याआधीचा तासभर फक्त कॉकटेल. सेंट पॉलच्या एका वर्तमानपत्राने समाजातली नवी टूम म्हणून ती बातमी छापली आणि घरगुती कॉकटेल पार्टीची ही पहिली ठळक नोंद मानली जाऊ लागली. लिंडेल बुलेव्हार्डवरचा तो वाडा १९२४ मध्ये कॅथलिक धर्मप्रांताने विकत घेतला आणि पुढे तो आर्चबिशपांचं निवासस्थान झाला.

या पार्टीचा तासभर लक्षात ठेवण्याजोगा आहे. वेळ ठरलेली, संपायची घटका ठरलेली, जेवण वेगळं. पाहुणे आले, उभ्या उभ्या बोलले, प्याले आणि पुढच्या कामाला लागले. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात घरी पाहुणे बोलावताना आपल्याकडे नेमकी हीच स्पष्टता राहून जाते. आठला म्हणून बोलावलेले पाहुणे नऊला जमतात, अकरापर्यंत ग्लास भरत राहतात, सोबतीला खारे दाणे आणि वेफर्स, आणि बिर्याणीचं झाकण उघडतं साडेअकराला. तोवर निम्म्यांची भूक मेलेली असते आणि उरलेल्यांना पिणं बाधलेलं असतं. कॉकटेल पार्टीचा मेनू आखणं म्हणजे पेयांची यादी करणं, अशी समजूत या गोंधळाच्या मुळाशी आहे. आधी खाणं ठरवावं आणि पेयं त्याच्यामागून यावीत, हे या प्रकरणाचं म्हणणं आहे.

अमेरिकेत हे खाणं घडत गेलं ते दारूबंदीच्या काळात. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ या काळात तिथे मद्य बनवणं, विकणं आणि वाहून नेणं बेकायदा होतं. बंदीच्या आधी घरात भरून ठेवलेलं पिणं मात्र गुन्हा नव्हता. त्यामुळे पिण्याची जागा हॉटेलातून दिवाणखान्यात आणि चोरट्या अड्ड्यांत सरकली. भेसळीची जिन घशाखाली उतरावी म्हणून तिच्यात फळांचे रस आणि मध घालू लागले, आणि सोबत चिमटीत धरून खाता येतील असे पदार्थ आले. बंदी उठली, पण उभ्याने खाण्याची ही रीत टिकली. १९३७ मध्ये जेम्स बिअर्ड या धिप्पाड, नाटकवेड्या स्वयंपाक्याने भागीदारांसह न्यूयॉर्कमध्ये फक्त कॉकटेल पार्ट्यांचं खाणं पुरवणारं दुकान काढलं आणि १९४० मध्ये त्याच विषयावर पुस्तक लिहिलं. पुढे तो अमेरिकन पाककलेतला सर्वांत मोठा माणूस ठरला.

त्याच्या दुकानात गाजलेला पदार्थ होता कांद्याचं सँडविच. लोणी-अंडी घातलेल्या मऊ पावाच्या पातळ चकत्या गोल कापायच्या, आतून मेयोनेझ लावायचं, त्यात कच्च्या कांद्याची तितकीच पातळ चकती ठेवून मीठ भुरभुरायचं. मग सँडविचच्या कडेला मेयोनेझ फिरवून ती कड बारीक चिरलेल्या पार्सलीच्या पानांवरून चाकासारखी लोळवायची. दोन घासांत संपणारं, बोटं न माखणारं, बघायला हिरवंगार, आणि चार तास आधी करून ठेवलं तरी न बिघडणारं. महाग काही नाही. कॉकटेलसोबतच्या खाण्याची सगळी कसोटी त्या एका सँडविचमध्ये आहे.

कारण पाहुण्याच्या एका हातात ग्लास असतो. उरलेल्या एकाच हाताने उचलता, खाता आणि बोटं पुसता आली पाहिजेत. या एका गोष्टीने निम्मा मेनू आपोआप गळतो. मसाला पापड गळतो, कारण तो चावताच कांदा-टोमॅटो कपड्यांवर सांडतो. कबाबाची मोठी सळई, हाडाचं चिकन, रस्सा, शेवपुरीची ओली पुरी, दोन हातांनी मोडावं लागणारं काहीही बाद. सुरमईच्या काटेरी तुकड्यालाही इथे जागा नाही. बोलता बोलता घशात काटा अडकण्याचा धोका कोणी पत्करावा?

वर्षअखेरीची ही संध्याकाळ गोव्यातल्या घरात फार सहज जमते. तिथे नाताळाचा फराळ, म्हणजे कुस्वाद, आधीच घरात असतो: नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, चणाडाळ-नारळाचं दोस, पेरूचं पेराद आणि थरांचं बेबिंक. डिसेंबरातली रात्र विशीच्या आसपास उतरलेली असते, त्यामुळे पाहुणे ओसरीवजा बाल्कांवात आणि अंगणात पांगतात. शिवाय पोर्तुगीज काळापासून रुळलेले क्रोकेट, रिसॉइस, छोट्या कुरकुरीत वाट्यांतलं सारण हे सगळे एका हाताचेच पदार्थ. मडगावजवळच्या एखाद्या घरी वीस पाहुण्यांची पार्टी आहे असं धरून मेनू मांडला तर गणित स्पष्ट होतं.

पहिला प्रश्न जेवणाचा. पाहुणे दोन तास थांबून जेवायला घरी जाणार असतील तर माणशी पाच-सहा नग पुरतात. हीच पार्टी जेवणाची जागा घेणार असेल तर दहा ते बारा लागतात. केटरिंगवाल्यांचा हा ठोकताळा घरीही चालतो. म्हणजे वीस जणांना दोनशे ते दोनशे चाळीस नग. हे आकडे ऐकून घाबरून पंधरा प्रकार करायला घेऊ नयेत. सहा-सात प्रकार आणि प्रत्येकाचे तीस-पस्तीस नग ही मांडणी घरच्या स्वयंपाकघराला पेलते. आणि जेवण आहे की नाही हे निमंत्रणातच सांगून टाकावं. ‘सात ते साडेनऊ, भरपूर चखणा, जेवण नाही’ असा निरोप कोणालाही अपमानास्पद वाटत नाही. उलट पाहुणा त्या हिशोबाने घरून निघतो.

मेनूत पहिलं नाव चोरीसचं. माडीपासून केलेला शिरका, लाल मिरची आणि लसूण यांत मुरवून वाळवलेल्या या डुकराच्या सॉसेजच्या माळा गोव्याच्या बाजारात टांगलेल्या दिसतात. वरचं आवरण काढून आतलं मांस कांदा-बटाट्यासोबत कोरडं परतावं आणि लिंबाएवढ्या पावात भरावं. आदल्या दिवशी परतून ठेवलं तर आणखी मुरतं. पण नाताळाचा राजा मानलं जाणारं सोरपोतेल या टेबलावर नको. ते रसदार आहे, त्याला तांदळाच्या वाफवलेल्या सान्ना आणि बैठक लागते. पंचवीस तारखेच्या दुपारी सगळं घर ताटावर बसतं तेव्हाच त्याचं चीज होतं. प्रत्येक आवडता पदार्थ प्रत्येक प्रसंगाला आणण्याचा मोह टाळणारा यजमान अर्धी लढाई जिंकतो.

तळणीचा प्रकार एकच ठेवावा आणि तो रिसॉइस असावा. पाण्यात लोणी आणि मीठ घालून उकळी आणायची, त्यात मैदा एकदम ओतून पातेल्यातच घोटायचा. कडा सोडून गोळा झाला की उतरवायचा. कोमट असताना मळून पातळ लाटायचा, वाटीच्या कडेने चकत्या पाडायच्या, मध्ये घट्ट पांढऱ्या सॉसमधल्या कोळंबीचं चमचाभर सारण, आणि करंजीसारखी घडी. अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून मग तळणी. यातली खरी सोय अशी की चुऱ्यात घोळवलेले कच्चे रिसॉइस आठवडाभर आधी फ्रीझरमध्ये ठेवता येतात आणि गार तेलात न सोडता, मध्यम तापलेल्या तेलात थोडे थोडे तळता येतात. एकच तळण असलं की एकच माणूस, एकच कढई, आणि तीही आळीपाळीने. तीन-चार तळणी ठेवल्या की घरातली बाई संध्याकाळभर ओट्याशी उभी राहते आणि पार्टी तिच्याशिवाय होते. असा मेनू चवीला कितीही उत्तम असो, तो चुकलेलाच मेनू.

शाकाहारी पदार्थ यादीच्या शेवटी कसेबसे जोडलेले नसावेत. निम्मे तरी असावेत. डिसेंबरात मराठी घरांपुरती एक खास बाबही असते. मार्गशीर्ष महिना बहुधा नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर या काळात येतो आणि त्यातल्या गुरुवारी अनेक घरांत महालक्ष्मीचं व्रत असतं. पार्टीचा वार ठरवण्याआधी पंचांग उघडलं तर पुढची सगळी अवघड क्षमायाचना वाचते. शाकाहारात कोथिंबीर वडी अगदी चोख बसते. आदल्या दिवशी उंडे वाफवून ठेवायचे, संध्याकाळी कापून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. निवली तरी खाण्यालायक राहते. सोबत काकडी-गाजराच्या उभ्या फोडी, चकलीचे तुकडे आणि चक्क्याचं डिप. अमेरिकेत १९५० च्या दशकात पाकिटातल्या कांद्याच्या सूपची पूड आंबट सायीत कालवून केलेलं डिप घरोघरी पोहोचलं. आपल्याकडे मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा, चक्का, मीठ आणि मिरपूड यांतून त्याच्याहून चांगलं काम होतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी भाजलेले काजू, काकडी आणि फक्त जिरं-मीठ घातलेला चक्का वेगळा काढावा, आणि त्याचा चमचाही वेगळा असावा.

उकडलेल्या अंड्यांची अर्धुकं आणि वर कोळंबीच्या तिखट-आंबट बालशांवचा चिमूटभर ठिपका, हा सहावा प्रकार. शेवटी कुस्वादातले दोदोल, पेराद आणि बेबिंक, पण बोटाच्या पेराएवढे तुकडे करून. बेबिंकचा एकेक थर वरून आच देऊन भाजावा लागतो आणि त्यात काही तास जातात, म्हणून ते आधीच्या आठवड्यातलंच काम. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. विकत आणलं तरी कमीपणा मुळीच नाही.

आता तिखटाबद्दल, कारण इथे सर्वांत मोठी गफलत होते. चखणा झणझणीतच हवा अशी आपली पक्की धारणा. पण ज्या चेताग्राहीमुळे मिरची झोंबते तोच उष्णतेचीही जाणीव देतो. तो एरवी साधारण ४२ अंश सेल्सिअसला चेतवला जातो. मद्याच्या सान्निध्यात हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास उतरतो, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. शरीराचं तापमान ३७ अंश. म्हणजे ग्लास हातात असताना तीच मिरची जास्त जाळते, ती विझवायला माणूस आणखी मोठा घोट घेतो, आणि पिणं नकळत वाढतं. म्हणून सहा प्रकारांत तिखट दोनच असावेत. चोरीस आणि बालशांव ती जागा भरून काढतात. चक्का त्यांच्या शेजारी ठेवावा. दुधातलं केसिन हे प्रथिन मिरचीतल्या दाहक द्रव्याला जिभेवरून उचलून नेतं, पाणी ते करू शकत नाही.

रिकाम्या पोटाचं कारणही असंच सरळ आहे. मद्याचं शोषण मुख्यतः लहान आतड्यात होतं. पोटात अन्न असेल, विशेषतः स्निग्ध आणि प्रथिनयुक्त, तर जठर आपला ऐवज आतड्याकडे सावकाश सोडतं आणि रक्तातलं मद्य हळू चढतं. त्यामुळे पहिला पदार्थ पहिल्या ग्लासाच्या आधी टेबलावर हवा, आणि तो भरीव हवा. काजू, अंडी, चोरीसपाव यांनी सुरुवात करावी, काकडी नंतर.

पेयांचं गणित यानंतर. खरेदीचा रूढ ठोकताळा म्हणजे पिणाऱ्या माणसामागे पहिल्या तासाला दोन ग्लास आणि पुढच्या प्रत्येक तासाला एक. वीसातले चौदा जण पिणारे धरले आणि पार्टी तीन तास ताणली तर छप्पन्न ग्लास होतात. त्यातले चोवीस पंचचे, वीस वाइनचे आणि बारा बिअरचे ठेवता येतील. वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच ग्लास, म्हणून चार बाटल्या. नाशिकची एक पांढरी, एक तांबडी या प्रमाणात. हा बाटल्या आणण्याचा अंदाज आहे, पाहुण्यांनी गाठायचं लक्ष्य मुळीच नाही. उरलेल्या बाटल्या कुठे पळून जात नाहीत.

घरी पाच प्रकारची कॉकटेल शेक करत बसण्यापेक्षा एकच पंच मोठ्या भांड्यात करून ठेवणं शहाणपणाचं. ही पद्धत तर आपल्याच किनाऱ्यांवरून जगात गेली. ईस्ट इंडिया कंपनीतल्या १६३२ सालच्या एका पत्रात पंचचा उल्लेख आहे. १६८९ मध्ये सुरतेला आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने गोव्याच्या आणि बंगालच्या अरकाची तुलना करून, युरोपीय लोक दोन्ही पंचमध्ये वापरतात, अशी नोंद केली आहे. तेव्हा गोव्यातल्या नाताळात पंचचं भांडं मांडणं म्हणजे कुणाचं अनुकरण नाही.

त्यासाठी काजूची फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पहिल्या धारेची हलकी उर्राक डिसेंबरात शोधू नये. ती काजूच्या हंगामात, मार्च ते मेमध्येच ताजी मिळते. फेणीचा वास तीव्र असतो, म्हणून ग्लासामागे ६० ऐवजी ४५ मिलिलिटरच धरावी. चोवीस ग्लासांना दीड बाटली पुरते. ग्लासामागे २० मिलिलिटर लिंबाचा रस, तितकाच गुळाचा पाक आणि चमचाभर कोकमाचं आगळ. म्हणजे रसासाठी सव्वीस-सत्तावीस कागदी लिंबं हाताशी हवीत. आगळात मीठ असतंच, तेव्हा वेगळं मीठ चव घेतल्याशिवाय घालू नये. हे मिश्रण दुपारी करून फ्रिजमध्ये थंड करावं आणि सोडा मात्र ऐन वेळी ओतावा. भांड्यात बर्फाचे बारीक खडे टाकण्यापेक्षा डब्यात गोठवलेली एक मोठी लादी टाकावी. तिचा पृष्ठभाग कमी असल्याने ती सावकाश विरघळते आणि पंच पाणचट होत नाही.

न पिणाऱ्यांचा ग्लास याच भांड्याच्या शेजारी, याच सामग्रीचा. फेणी वगळून आगळ, लिंबू, गुळाचा पाक, वर सोडा आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. ग्लासही तोच, सजावटही तीच. गरोदर बाई, औषधं चालू असलेला माणूस, गाडी चालवणारा, किंवा ज्याला प्यायचंच नाही असा कोणीही. त्याला कारण सांगावं लागू नये. कोल्ड्रिंकची मोठी बाटली कोपऱ्यात ठेवून ही जबाबदारी संपत नाही. गोविंद निहलानींच्या १९८४ सालच्या ‘पार्टी’ या चित्रपटात, जो महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून केलेला आहे, मुंबईच्या एका घरात एका रात्री जमलेल्या माणसांचं सारं नातं उघडं पडतं. आपल्या घरी कोण मोकळं होतं आणि कोण कोपऱ्यात राहतं, यात मेनूचाही वाटा असतोच.

बर्फाचा हिशोब हमखास चुकतो. माणशी अर्धा किलो ते सातशे ग्रॅम, म्हणजे वीस जणांना दहा ते चौदा किलो. फ्रिजमधल्या दोन-तीन ट्रेंनी हे होणारच नाही. बर्फ विकत आणताना तो खाण्याचा आहे याची खात्री करावी. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे, तेव्हा निळसर लादी बाटल्या गार करण्यापुरतीच.

कामांची वाटणी केली तर शेवटचा दिवस मोकळा राहतो. आठवडाभर आधी गोड आणि रिसॉइस, दोन दिवस आधी बाटल्या आणि काजू, आदल्या दिवशी चोरीस, वडीचे उंडे आणि तपकिरी कांदा, त्या सकाळी अंडी, चक्का आणि लिंबं. पाहुणे येण्याआधी तासभर हातात काहीच काम नसेल तर आखणी जमली असं समजावं. मांडताना सगळं एकदम टेबलावर ओतू नये. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून कोळंबी, अंडी आणि चक्का दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नये; छोट्या ताटल्या पुन्हा पुन्हा भरून आणाव्यात. कागदी रुमाल माणशी तीन तरी, आणि काड्या-देठ टाकायला रिकाम्या वाट्या जागोजागी.

आता कायद्याचं. आपल्या राज्यातलं मद्यपानाचं कायदेशीर वय आधी तपासून घ्यावं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, कडक मद्यासाठी २५, आणि शिवाय परवानाही लागतो. गाडी चालवताना रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम मद्य ही देशभरची मर्यादा आहे. शेवटी दिलेली कडक कॉफी झोप घालवते, रक्तातलं मद्य घालवत नाही. ते यकृत आपल्या गतीनेच काढतं. तेव्हा कोण कोणासोबत परतणार हे पाहुणे येण्याआधीच विचारून ठेवा, ज्याची सोय नसेल त्याच्यासाठी टॅक्सी दुपारीच सांगून ठेवा, आणि एक अंथरूण जास्तीचं काढून ठेवा. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री गाडी ऐन वेळी मिळत नाही.